गोळी घरात आहे, पण पोटात जात नाही : वर्तनशास्त्र गावच्या आरोग्यकामात कसे वापरावे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, साठी ओलांडलेल्या एका मावशींचा रक्तदाब मोजायला मी त्यांच्या घरी गेले होते. यंत्रावर १७८ आणि १०४ असे आकडे आले. वहीत मात्र चार महिने नियमित औषध दिल्याची नोंद होती. मावशींनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यात रेशनकार्ड, मुलीच्या लग्नातला एक फोटो आणि रबर लावून नीट ठेवलेल्या गोळ्यांच्या बारा पट्ट्या होत्या, आणि त्यांतली एकच फोडलेली होती. "चकरा आल्या का घेतो ना मी गोई," त्या अगदी सरळ मनाने म्हणाल्या, "बरं वाटते त काहून खाऊ?"

त्याआधी मी त्यांना तीनदा समजावले होते. लकवा होईल, मूत्रपिंड बिघडेल, गोळी रोज घ्यायची असते, हे सगळे त्यांना पाठ होते. म्हणजे माहिती पोहोचली होती आणि औषधही पोहोचले होते, तरी गोळी पोटात जात नव्हती. माहिती आणि कृती यांच्यामधल्या या जागेत काय अडते, याचा अभ्यास वर्तनशास्त्राने गेली सत्तर वर्षे केला आहे, आणि तो आशाताई, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, नव्याने रुजू झालेले डॉक्टर आणि घरात आजारी माणूस असलेले कोणीही यांच्या रोजच्या कामी येण्यासारखा आहे. त्याचा गाभा असा की, सांगण्याआधी नेमके काय अडते ते शोधावे, कारण प्रत्येक अडथळ्याचा उपाय वेगळा असतो, आणि चुकीच्या अडथळ्यावर केलेला उपाय कितीही मेहनतीने केला तरी वाया जातो.

आधी विचारा, मग सांगा

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडे होते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांमध्ये जात, तपासणीला पैसे पडत नसत, तरीही पुष्कळ लोक येत नसत. हॉकबॉम, रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणे शोधताना जे मांडले, त्याला आपण आरोग्यविश्वासाचे प्रतिमान म्हणू. माणूस कृती करतो की नाही हे काही प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. हा आजार मला होऊ शकतो का? झाला तर किती वाईट होईल? सांगितलेल्या उपायाने खरेच फरक पडेल का? तो करायला मला किती त्रास, खर्च, लाज किंवा वेळ सोसावा लागेल? कृतीला हात घालायला लावणारे काही निमित्त समोर आहे का? पुढे १९८८ मध्ये यात आणखी एक प्रश्न जोडला गेला, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे : हे मला जमेल का?

मावशींच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पक्की होती, कारण त्यांच्या सख्ख्या भावाला लकवा झालेला होता आणि त्याचे खाटेवरचे दोन वर्षांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मी मात्र पुन्हा पुन्हा लकव्याचीच भीती घालत राहिले. अडचण तिसऱ्या प्रश्नापाशी होती. त्यांच्या समजुतीप्रमाणे बीपी म्हणजे चकरा, आणि चकरा नाहीत म्हणजे बीपी नाही. ही समजूत केवळ खेड्यातली किंवा अशिक्षितांची नव्हे. लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासातही बहुतेक रुग्ण, आपला रक्तदाब वाढला की आपल्याला तो कळतो, असे मानत होते, आणि त्या जाणिवेप्रमाणे औषध घेत किंवा सोडत होते. माणूस आपल्या आजाराचे एक चित्र मनाशी तयार करतो आणि त्या चित्राला धरून वागतो. ते चित्र जाणून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला त्याच्या अंगाला लागत नाही.

म्हणून घरी गेल्यावर पहिली दहा मिनिटे फक्त विचारण्यासाठी ठेवावीत, आणि प्रश्न असे असावेत की ज्यांचे उत्तर "हो" एवढेच देता येणार नाही. "गोळ्या घेता ना?" असे विचारले की आपल्याकडचा माणूस, समोरच्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून, हो म्हणतोच. त्याऐवजी "मागच्या बाजारापासून आजपर्यंत कोणकोणत्या दिवशी गोळी राहिली?" असे विचारावे. यात गोळी राहते हे आपण गृहीत धरलेले असते, त्यामुळे खरे सांगायची लाज वाटत नाही. मग "हे दुखणं कशानं झालं असं तुम्हाला वाटते?", "गोळीनं काय होते?", "गोळी घ्यायची म्हटलं तर सगळ्यात अवघड काय जाते?" हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. ही शांतता अवघडल्यासारखी वाटते, पण खरे उत्तर बहुधा तिच्यानंतरच येते. माझ्या मावशींनी असेच थोडे थांबून सांगितले की गोळीने पायाला सूज येते, आणि सुजलेल्या पायाने कापूस वेचता येत नाही. रक्तदाबाच्या एका नेहमीच्या गोळीने अशी सूज येऊ शकते. ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचली असती तर गोळी किंवा तिची मात्रा बदलता आली असती, पण चार महिन्यांत ती त्यांना कोणी विचारलीच नव्हती, आणि न विचारणाऱ्यांत मीही होते.

समजूत बदलायची असेल तर वाद घालू नये, दाखवावे. मावशींना मी म्हटले, "आज चकरा आहेत का?" त्या नाही म्हणाल्या. मग त्यांच्याकडूनच यंत्राचे बटण दाबवून घेतले आणि आलेला आकडा त्यांच्या नातवाला मोठ्याने वाचायला लावला. चकरा नसताना आकडा चढलेला आहे, हे त्यांनी स्वतः पाहिले, आणि माझ्या तीन व्याख्यानांनी न झालेले काम त्या एका आकड्याने झाले.

भीतीपेक्षा बेत उपयोगी पडतो

भीती अजिबात दाखवू नये असे नाही, पण एकटी भीती फार थोडे काम करते. १९६५ मध्ये येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला लावण्यासाठी एक प्रयोग झाला. भीषण चित्रांची पुस्तिका वाचून विद्यार्थी घाबरले, लस घ्यायचा त्यांचा विचारही झाला, पण प्रत्यक्ष गेले सुमारे ३ टक्के. दुसऱ्या गटाला भीतीबरोबर दवाखान्याचा नकाशा दिला आणि आपल्या दिनक्रमात कोणत्या वेळी जाता येईल ते ठरवायला सांगितले. त्या गटातले सुमारे २८ टक्के विद्यार्थी लस घेऊन आले. दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, तरी कधी आणि कसे जायचे हे ठरवल्याने फरक पडला. पुढे मानसशास्त्रज्ञ गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये या गोष्टीला नेमके रूप दिले : अमुक घडले की मी तमुक करीन, असा बेत माणसाने आपल्या तोंडाने करावा.

असा बेत करताना रोज न चुकता घडणारी एखादी गोष्ट शोधावी आणि नवी सवय तिला बांधावी. घड्याळाची वेळ आपल्याकडे फारशी कामाची नाही, कारण वेचणीच्या दिवसांत माणूस उजाडताच वावरात जातो आणि पावसाळ्यात दिवसाचा नेम नसतो. मावशी सकाळी घाईत भाकरी बांधून निघत आणि गोळी हटकून राहून जाई. मात्र सांजेला देवापुढे दिवा लावणे त्यांचे एकही दिवस चुकत नव्हते. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ संध्याकाळची करून घेतली आणि त्यांनी ठरवले, "दिवा लावला का गोई." पट्टी देवाच्या फळीवर, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवली. चुलीजवळ किंवा उन्हात औषध ठेवू नये. गोळीची वेळ परस्पर बदलू नये, आणि बरे वाटते म्हणून ती बंदही करू नये. हे शेवटचे वाक्य मात्र दर भेटीत सांगावे. तेवढा उपदेश आवश्यकच आहे.

बेत ठरवताना ते वाक्य आपण तयार करून देऊ नये. रुग्णाने ते स्वतःच्या शब्दांत म्हणावे, आणि म्हणताना अडखळला तर समजावे की बेत त्याच्या दिवसात बसत नाही. एका शेतमजूर काकांनी "जेवणानंतर" असे म्हटले आणि मग स्वतःच थांबून सांगितले की रात्रीचे जेवण कधी होते, कधी होत नाही. तेवढ्या अडखळण्यावरून त्यांच्या घरातली दुसरीच अडचण आम्हाला कळली.

खर्रा : सोडायच्या पायऱ्या

विदर्भात आरोग्याचे काम करणाऱ्याने खर्‍याकडे, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूकडे, दुर्लक्ष करून चालत नाही. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा छापणे २०१६ पासून सक्तीचे आहे. पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन समोर घोटून दिलेल्या खर्‍यावर ना पाकीट असते, ना चित्र. ती पन्नी घासल्याचा करकर आवाज हेच इथे निमित्त आहे, आणि तो आवाज कानी आला की सोडलेल्या माणसाचाही हात खिशाकडे जातो.

व्यसनाच्या बाबतीत बदलाच्या पायऱ्यांचा विचार उपयोगी पडतो. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून तो मांडला. कोणी सोडण्याचा विचारच करत नाही, कोणी विचार करतो पण दोलायमान असतो, कोणी तयारीत असतो, कोणी सोडलेले असते आणि कोणी सोडलेले टिकवत असतो. या पायऱ्या जिन्यासारख्या पक्क्या नाहीत, माणूस सकाळी एका पायरीवर तर संध्याकाळी दुसरीवर असू शकतो, आणि पायरी पाहून केलेले उपाय इतरांपेक्षा नेहमीच सरस ठरतात असेही अभ्यासांतून दिसलेले नाही. तरीही एक व्यावहारिक शहाणपण त्यातून घ्यावे : ज्याने अजून विचारच केलेला नाही त्याच्यापुढे सोडण्याची तारीख मागू नये, आणि जो तयार आहे त्याच्यापुढे कर्करोगाचे व्याख्यान देत वेळ घालवू नये.

दोलायमान माणसाशी कसे बोलावे, हे मानसशास्त्रज्ञ मिलर यांनी १९८३ पासून मांडलेल्या संभाषणपद्धतीत सापडते. त्यात सोडण्याची कारणे आपण सांगायची नसतात. ती त्याच्याच तोंडून येऊ द्यायची असतात, कारण माणूस स्वतःच्या तोंडून निघालेल्या कारणाला बांधला जातो आणि दुसऱ्याने दिलेल्या कारणाला विरोध करतो. तिशीतल्या एका भावाशी झालेले बोलणे असे होते. "दादा, खर्‍यानं तुम्हाला चांगलं काय वाटते?" हा प्रश्न ऐकून तो चकित झाला आणि मोकळा बोलू लागला : फवारणीला, निंदणीला दम येतो, सोबत्यांत बसता येते. मग विचारले, "आणि नकोसं काय वाटते?" तो म्हणाला, "तिखट खाता येत नाही. पोरगी म्हणते, बाबा, तुमच्या तोंडाचा वास येते." मी तेच शब्द त्याला परत ऐकवले, "पोरगी असं म्हणते ते तुम्हाला लागते." तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि म्हणाला, "सोडाचा त हाय, पण वावरात गेलं का हात आपोआपच जाते."

या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात जमेल की नाही याची शंका. इथून पुढे काम त्या शंकेवर करायचे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये दाखवले की "मला जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतः थोडे करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच कोणाला जमलेले पाहिल्याने, विश्वासातल्या माणसाने धीर दिल्याने, आणि शरीराला होणाऱ्या त्रासाचा अर्थ नीट लावल्याने. म्हणून त्या भावाला आधी एकच खर्रा, सकाळच्या चहानंतरचा, आठ दिवस टाळायला सांगितले, म्हणजे जिंकल्याचा एक अनुभव गाठीशी येईल. गावातल्याच एका माजी खर्रेकऱ्याशी त्याची गाठ घालून दिली. आणि आधीच सांगून ठेवले की पूर्ण सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, पोट साफ होणार नाही, पण ही शरीर तंबाखूपासून सुटत असल्याची खूण आहे आणि दोन ते चार आठवड्यांत ती बरीच ओसरते. हे आधी न सांगितल्यास तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, "सोडल्यानंच बिघडलं," आणि पुन्हा पन्नी उघडतो.

पर्याय म्हणून तोंडात बडीशेप किंवा भाजलेली जवस चालेल. सुपारी मात्र चालणार नाही. तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. त्याच वेळी तोंड तपासावे : स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

मन तयार, पण परिस्थिती नाही

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा यांबद्दल गावोगाव पुष्कळ सांगितले गेले. फवारणी करणाऱ्या मजुरालाही विष अंगात जाते हे माहीत असते. पण सप्टेंबरच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन जाड कपडे घालणे सोसत नाही. हातमोजे मालकाने दिलेले नसतात. आणि वारा फिरला म्हणून थांबला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. सुसान मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात वर्तनाला तीन गोष्टी लागतात : क्षमता, संधी आणि प्रेरणा. इथे कमतरता संधीची आहे. अशा वेळी मजुराचे प्रबोधन करणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. बोलायचे ते वावराच्या मालकाशी, की हातमोजे आणि साबण त्याने पुरवावेत, फवारणी सकाळी लवकर संपवावी, वारा सुटला तर काम थांबले तरी रोजी द्यावी. आणि कृषी केंद्राच्या दुकानदाराशी, की फवारणीच्या औषधाबरोबर हातमोजे काऊंटरवरच समोर ठेवावेत.

हाच धडा लसीकरणातही आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिथे काहीच वेगळे केले नव्हते तिथे सुमारे ६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले, जिथे ठरल्या दिवशी शिबीर न चुकता भरले तिथे १८ टक्के, आणि जिथे त्याबरोबर दर लसीला एक किलो डाळ दिली तिथे ३९ टक्के. नुसते ठरलेल्या दिवशी हजर राहिल्याने प्रमाण तिप्पट झाले. आपण सांगितलेल्या दिवशी उपकेंद्र उघडे नसेल, आणि रोजी पाडून आलेली आई परत जात असेल, तर तिच्या वर्तनाकडे बोट दाखवण्याचा हक्क आपल्याला नाही.

गाव पाहते, मग करते

माणूस दुसऱ्याने केलेले पाहून करतो, ही गोष्ट बांडुरांच्या पुष्कळ आधी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना उमजली होती. गावात शिरताच ते खराट्याने गाव झाडू लागत आणि संध्याकाळी कीर्तनात प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तरे वदवून घेत. आधी करून दाखवणे आणि मग उत्तर लोकांच्या तोंडून काढणे, या दोन्ही गोष्टी आपल्या कामात उतरवता येतात. हत्तीरोग रोखण्यासाठी साऱ्या गावाला द्यायच्या गोळ्या वाटताना त्या घरी ठेवून येऊ नयेत. चौकात आधी सरपंच, शिक्षक, बचत गटाच्या ताई यांनी सर्वांसमक्ष गिळाव्यात, मग इतरांना समोरच द्याव्यात, उपाशी पोटी देऊ नयेत, आणि दोन वर्षांखालची बालके, गरोदर माता व गंभीर आजारी माणसे वगळावीत. गोळीनंतर थोडा ताप, मळमळ किंवा डोकेदुखी होऊ शकते, हे अगोदर सांगावे. अंगात हत्तीरोगाचे जंतू असतील तर ते मरताना असा त्रास होतो. नंतर सांगितले तर ती सबब वाटते, आधी सांगितले तर ती खूण ठरते.

दर भेटीची नोंद ठेवताना "समुपदेशन केले" असे लिहू नये. कोणता अडथळा सापडला, रुग्णाने कोणता बेत केला आणि किती गोळ्या उरल्या, एवढे तीन रकाने पुरेत. गोळ्या मोजताना चोर पकडल्यासारखे वागू नये. मोजणी त्याच्याच हातून करवावी. बेत मोडला असेल तर तो कोणत्या दिवशी, कोणासोबत, कुठे मोडला ते विचारावे, कारण दुसरा बेत त्याच जागेसाठी करायचा असतो.

मावशींच्या घरी मी पुढच्या महिन्यात गेले तेव्हा आकडा १४२ आणि ८८ होता. सूज येणारी गोळी डॉक्टरांनी बदलली होती. तीस गोळ्यांपैकी सहा उरल्या होत्या, आणि त्या सहाच्या सहा, मावशी लेकीच्या गावी गेल्या होत्या तेव्हाच्या. देव तिथेही होता, दिवाही लागत होता, पण पट्टी आपल्या घरच्या फळीवर राहिली होती. आम्ही दोघींनी मिळून एक पट्टी वेगळी काढली आणि ती त्यांच्या प्रवासाच्या पिशवीत, पानाच्या चंचीशेजारी, शिवून घेतलेल्या कप्प्यात ठेवली.